चिकटपट्टीवरची नावं

रोएनाच्या नव्या अल्बममधलं चौथं गाणं नॅशव्हिल शहरात सगळ्यांच्या तोंडी होतं, आणि त्याच गाण्यापायी तिला स्वतःच्या गावात तोंड दाखवायची लाज वाटत होती.

गाणं एका विधुराचं. बायको गेली तेव्हा शेजारणींनी काचेच्या भांड्यांतून जेवण आणलं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर बाईचं नाव, म्हणजे भांडं ज्याचं त्याला परत जातं. हा बाबा मात्र एकही परत करत नाही. का, तर कुणीतरी मागायला येईल, आली की घडीभर कॉफीला टेकेल. शहरातले लोक इथे पोट धरून हसत आणि शेवटी डोळे पुसत. रोएनाने म्हाताऱ्याचं नाव बदललं होतं. पण सहाशे वस्तीचं केंटकीतलं तिचं गाव, तिथे कोंबडं झाकून उजाडायचं थोडंच राहतं?

गावी आली तशी ती आधी ऑर्विल काकांकडे गेली; त्यांनीच दार उघडलं.

"ये. पाय पूस, आत्ताच फरशी पुसलीय."

स्वयंपाकघरातलं कपाट उघडंच होतं, आणि रिकामं.

"भांडी कुठं गेली, काका?"

"नेली. रविवारी चर्च सुटलं तशा सगळ्या इकडेच आल्या. मेव्हिस म्हणाली, 'मेल्या ऑर्विल, नुसती हाक मारायचीस, भांडं कशाला ओलीस ठेवलंस?' हसल्या सगळ्या. मीपण हसलो, काय करणार." त्यांनी कपाट लावून घेतलं. "मायेनंच हसल्या गं. तेच जड गेलं."

"नंतर आलं कुणी?"

"कशाला येतील? आता जी येईल तिला गाव म्हणेल, गाण्यातल्या म्हाताऱ्याकडे निघाली."

रोएनाला त्यांच्याकडे बघवेना. दोन वर्षांपूर्वी याच टेबलाशी शेंगा सोलताना काकांनी ही गोष्ट तिला सांगितली होती, फक्त तिला. 'कुणाला बोलू नकोस' असं म्हणायचीही त्यांना गरज वाटली नव्हती. ऐकताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं हे खरं. पण त्याच वेळी ती मनात यमक जुळवत होती, हेही तितकंच खरं, आणि परतताना पेट्रोलपंपावर गाडी थांबवून तिने पहिल्या चार ओळी लिहूनसुद्धा काढल्या होत्या.

"मी ते गाणं काढून टाकते, काका."

"राहू दे. जमलंय छान. आमच्या हिला आवडलं असतं."

"मग मी येत जाईन. दर महिन्याला. नक्की."

काकांनी कॉफी ओतली, साखर घातली, बराच वेळ ढवळत राहिले.

"आईला भेटायला येत जा," ते म्हणाले. "इथं नको. तू समोर बसलीस ना पोरी, की मला तोंड उघडायची भीती वाटते."

मग कॉफी संपेपर्यंत दोघं यंदाच्या टोमॅटोंबद्दल बोलले, आणि तेही काका एकेक शब्द तोलून बोलत होते.