प्युरिटन डायरी

चंद्रभान सरांना अमरावतीच्या कॉलेजात अमेरिकन साहित्य शिकवता शिकवता सव्वीस वर्षं झाली होती, आणि त्यातही तिथे सुरुवातीला जाऊन वसलेल्या कडव्या ख्रिस्ती पंथावर, प्युरिटन लोकांवर, त्यांचा भारी जीव. अमेरिका सोडा, सरांनी दिल्लीही धड पाहिली नव्हती. पण एम.ए.च्या वर्गात प्युरिटन आले की सर मास्तर राहत नसत, पाद्री होत. टेबलावर मूठ आपटून सांगत, की या लोकांच्या लेखी कोण तरणार आणि कोण नरकात जळणार हे देवानं माणूस जन्मायच्या आधीच ठरवून टाकलेलं. कितीही रडा-भेका, त्यात बदल नाही. मग बिचारे रोज डायरी लिहीत, मनातली घाण उकरत, निवडलेल्यांत आपण आहोत का याची खूण शोधत, आणि चर्चमध्ये उभं राहून सगळ्यांपुढे ते सांगत. अमेरिकेचं सगळं साहित्य या डायरीच्या पोटातून निघालं, हे सरांचं ठरलेलं वाक्य. पोरं भ्यायचीही आणि हसायचीही.

यंदा सरांना हौस सुचली. प्रत्येकानं प्युरिटन होऊन डायरीचं एक पान लिहून आणायचं. बहुतेकांनी एकमेकांचं उतरवून आणलं. दर्यापूरच्या भावनाचं पान वाचताना मात्र सर खुर्चीत ताठ झाले. घरी खोटं सांगून मुलगी मैत्रिणींसोबत चिखलदऱ्याला जाते. दरीकाठी फोटो काढताना वडिलांचा फोन येतो. कुठे आहेस म्हणून विचारतील, या भीतीनं ती तो कापते. संध्याकाळी घरून फोन येतो, वडील गेले. खाली लिहिलं होतं, हे आधीच ठरलेलं होतं, मी निवडलेल्यांत नाही.

काय कल्पनाशक्ती पोरीची, म्हणत सरांनी ते पान भर वर्गात, खास पाद्र्याच्या आवाजात वाचलं. नाव घेतलं नाही, तेवढी अक्कल होती. डिसेंबरात भावना पंधरा दिवस गैरहजर होती, पण का म्हणून त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तिसऱ्या बाकावर तिचा चुलतभाऊ अनुप बसला होता. काका, म्हणजे भावनाचे वडील, गेले त्या दिवशी ती घरी नव्हती, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून भावना आली नाही. तीन आठवडे झाले. परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस शनिवार. अनुपला विचारलं तर तो मान खाली घालून म्हणाला, घरी समजलं. सरांना वाटलं, पोरीला घरात बसवलं असणार, शिक्षण बंद केलं असणार, आणि सगळं आपल्या तोंडापायी. शुक्रवारी त्यांनी दर्यापूरची बस धरली आणि वाटभर एक खोटं घोकलं. ते पान मीच सांगून लिहवून घेतलं, त्यात खरं काही नाही.

भावनाची आई इंदूबाई अंगणवाडीत सेविका. त्यांनी पाणी दिलं, चहा ठेवला. सरांनी घोकलेलं सगळं एका दमात ओतलं. भिंतीशी बसलेल्या भावनानं वरही पाहिलं नाही. पोरगी पार वाळून गेली होती.

"खरं आहे ते, सर," ती म्हणाली.

इंदूबाई रागावल्या नाहीत, तेच सरांना जास्त टोचलं. त्या सांगत गेल्या. समजलं त्या दिवशी त्यांनी लेकीला एक थापड मारली, मग दोघी गळ्यात पडून रडल्या, आणि त्यांच्यापुरता विषय मिटला. बापाचा फोन कोणतं लेकरू कापत नाही? तिचे बाबा, पुंजाजी, असते तर चार शिव्या देऊन दुसऱ्या दिवशी विसरले असते. कॉलेज कोणीच बंद केलं नव्हतं. पोरगीच उठत नव्हती. एकदाच जेवायची, रोज वहीत लिहायची, आणि माफ केलं म्हटलं की म्हणायची, तुझ्या माफीनं काही होत नाही आई, ते आधीच ठरलं आहे.

सर घाईनं तिच्याजवळ सरकले. अगं, हा नुसता अभ्यासक्रम, चारशे वर्षांपूर्वीच्या लोकांची समजूत, मार्कांपुरती शिकायची, असं कायकाय बोलले.

"तुमी तं टेबल हाणून सांगत होते," भावना म्हणाली. "खोटं सांगत होते काय?"

 त्यातल्या एका अक्षरावरही सरांचा कधी विश्वास नव्हता. आवडायचा तो स्वतःचा आवाज. पण हे त्या पोरीसमोर कबूल करायची त्यांना इतकी लाज वाटली, की ते उठलेच.

इंदूबाई दारापर्यंत आल्या. "सर, आमच्या घरात देव नोता. पुंजाजीनं जिंदगीभर येऊ देला नाई. हा तुमी आणला. आता तुमीच याले वापस घेऊन जा."

शनिवारी सर सकाळपासून फॉर्मच्या खिडकीसमोर व्हरांड्यात उभे होते. पाच वाजता बाबूनं खिडकी लावून घेतली. भावना आली नाही.