बशी तुझी, कप माझा

निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रेला जातात, गुडघ्यांच्या तपासण्या करून घेतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. दैवशालाला सून नव्हती आणि गुडघे ठणठणीत होते, तेव्हा तिने घरात चहा प्यायची जागा करायचं ठरवलं. चहा प्यायला वेगळी जागा कशाला लागते, हा तिच्या नवऱ्याचा, धर्मराजांचा प्रश्न तसा रास्तच होता. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत दोघांनी चहा उभ्यानेच घेतला होता; तिने शाळेची बस गाठायच्या गडबडीत ओट्यापाशी, त्यांनी एमआयडीसीतल्या बियाणं कंपनीत पाळीला निघताना मोटारसायकलच्या सीटवर कप टेकवून. म्हणूनच आता बसून प्यायचा, असं तिचं उत्तर होतं, आणि तीन तपं पोरांना मराठी शिकवलेल्या बाईच्या उत्तरापुढे धर्मराज सहसा जात नसत.

जागा ठरली ती मागची, पश्चिमेकडची गॅलरी. लेक अर्पिता पुण्याहून मोबाइलवर फोटो पाठवू लागली. काळंभोर कॉफीचं यंत्र, भिंतीत ठोकलेल्या फळ्या, लोंबते पिवळे दिवे, उंचच उंच स्टुलं. त्या स्टुलांवर चढायला शिडी वेगळी मिळते का एवढं विचारून घे, असं दैवशालाने तिला कळवलं. शेवटी अर्पिताने वैतागून, तुला नक्की हवंय तरी काय, असं विचारलं, तेव्हा मात्र तिला धड सांगता येईना. काय नको ते लगेच कळायचं. काय हवं ते वस्तू डोळ्यांसमोर आल्यावरच कळायचं.

जुगलकिशोर शेठच्या भांड्यांच्या दुकानात तिने अर्धा दिवस काढला. कानाचे मग नकोत, काचेचे ग्लास नकोत, बशी हवी आणि तीही खोल हवी, वाटीला जवळची. आता बशीत कोण पितंय ताई, असं म्हणत शेठनी माळ्यावरून धुळीने माखलेलं एक खोकं उतरवलं, आणि त्यातली पांढरी, किंचित पिवळट पडलेली बशी हातात घेताक्षणी दैवशालाच्या घशाशी सुंठेची चव आली. ती दुकानातच स्टुलावर बसली. तिला आबा दिसले होते.

आबा म्हणजे तिचे वडील, रामराव. राजूरजवळच्या गावात त्यांची बऱ्यापैकी शेती होती. सातव्या वर्षी दैवशालाला शिकायला मामाकडे जालन्यात ठेवलं, आणि पुढे सुट्टीत घरी गेली की भेटायचे ते आबा अगदी अबोल गृहस्थ होते. अभ्यास झाला का, एवढं विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आत शेताकडे निघायचे. जाऊन सव्वीस वर्षं झाली त्यांना. त्यांनी तिला कधी जवळ घेतल्याचं, कधी डोक्यावरून हात फिरवल्याचं तिला आठवत नव्हतं. फक्त त्या सातव्या वर्षाच्या आधीचं एक पुसट काहीतरी तिच्यापाशी होतं. संध्याकाळ, चहाचा वास, आणि आबांचा आवाज: बशी तुझी, कप माझा. तेवढ्या एका गोष्टीवर तिने बापाचं उरलेलं सगळं अबोलपण माफ केलं होतं. ती आठवण गेली असती, तर दैवशालाला वडील होते असं म्हणायलाही काही उरलं नसतं.

आणि आता ती आठवण वाढायला लागली. प्रत्येक वस्तूबरोबर वाढायला लागली, हे विशेष. भंगारवाल्याकडे निळ्या काठाची तामचिनी किटली दिसली, तोंडापाशी टवका गेलेली, आणि घरी आणून घासताना तिला आबांची बोटं दिसली, किटलीचा कान धरलेली, करंगळीला जुनी जखम असलेली. पितळी स्टोव्ह मिळाला आणि आबा पंप मारताना तोंडातल्या तोंडात काय मोजायचे ते ऐकू आलं. रॉकेल आता कुठलं मिळायला, त्यामुळे चहा इंडक्शनवरच व्हायचा आणि स्टोव्ह शेजारी घरातल्या वडीलधाऱ्यासारखा नुसता बसून राहायचा. सुताराला तिने हातभर रुंद आणि वीतभर उंच बाकडं करायला सांगितलं. एवढं बुटकं कोणी करत नाही म्हणून त्याने तीनदा बजावलं. बाकडं आलं, ती त्यावर टेकली, आणि समोरच्या भिंतीच्या जागी तिला गावच्या घराचं अंगण आणि कडुलिंबाचा बुंधा लख्ख दिसला.

किती सुंदर दिवस होते ते! धर्मराज सहाला यायचे, हातपाय धुऊन बाकड्यावर बसायचे, आणि आज काय आठवलं, असं विचारायचे. ती सांगायची. आबा गुळाचा चहा करायचे. आबा आधी बशी भरायचे, मग स्वतःचा कप. धर्मराजांना तर हे सगळं इतकं पाठ झालं, की पाहुण्यांना तेच सांगायला लागले आणि चहाही तेच करू लागले. आधी तिची बशी भरून समोर ठेवायची, मग आपला कप. नवऱ्याच्या हातचा चहा नशिबात यायला साठी गाठावी लागली, असं ती म्हणायची खरी, पण मनातून तिला कमालीचं बरं वाटायचं.

दिवाळीनंतर तिचा भाऊ भारत बियाणं न्यायला जालन्यात आला. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, गावची शेती त्याच्याकडे. तिने कौतुकाने त्याला थेट गॅलरीत नेलं. भारत उंबऱ्यातच थांबला. मग पुढे होऊन त्याने किटली उचलली आणि टवक्यावरून अंगठा फिरवला.

"ही तुला कुणी दाखिवली?" त्याने विचारलं.

कुणी दाखवायला कशाला हवी, मला आठवते ना, असं म्हणून दैवशालाने त्याला सगळं सांगितलं. किटली, स्टोव्ह, बाकडं, बशी तुझी नि कप माझा. भारत ऐकत होता, पण तिच्याकडे बघत नव्हता.

"दैवशाला, आबा चहा पित नव्हते," तो म्हणाला.

ते नंतर, ती म्हणाली, नंतर पित्तामुळे बंद केला असेल. ती सांगतेय ते ती लहान असतानाचं.

"पित्तबित्त काही न्हाई. तू नऊ महिन्यांची व्हतीस. छातीत कफ भरल्ता, डाक्टरनं हात टेकल्ते. आबा पायी राजूरला गेल्ते गणपतीला. लेकरू वाचू दे, पुन्हा चहाला तोंड लावणार न्हाई म्हणले. मंग मरेपर्यंत लावलं न्हाई." त्याने किटली जपून खाली ठेवली. "ज्याच्यासाठी सोडलं त्याला सांगायचं नसतंय, म्हणून तुला कुणी बोललं न्हाई. मीबी आज बोलून राह्यलो."

"मग ही किटली?"

"हीच व्हती. अशीच. बाकडंबी हेच, इतकंच बुटकं. त्याच आठवड्यात आबानं समदं वाटून टाकलं. घरात दिसायला नको म्हणले. तू बघितलेलंच न्हाई ते."

कोणाकडून तरी ऐकलं असेल, असं दोघांनी मिळून ठरवलं. आईने सांगितलं असेल, असं ती म्हणाली. हां, आईनंच, असं तो म्हणाला. त्याने चहा अर्धा ठेवला आणि बियाण्याच्या पिशव्या घेऊन तो उजेडातच परतला.

तो गेल्यावर दैवशाला तिथेच बसून राहिली. पहिल्यांदा तिला रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं. त्या अबोल माणसाने तिच्या जिवासाठी आपली आवड अशी मुळापासून उपटून टाकली होती, आणि आयुष्यभर तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. पण रडू ओसरलं तसा तिच्यातली मास्तरीण जागी झाली, आणि उत्तरपत्रिका तपासावी तशी ती आपली आठवण ओळ न् ओळ तपासू लागली. आई कुठे होती त्यात? नव्हती. भारत? तोही नव्हता. आबा एकटेच असत. बशी भरून ते पुढ्यात ठेवत, कप हातात घेत. आणि ती स्वतः? बशी उचलताना आपले हात तिला दिसेनात. चहाची चव ओठांवर येईना, ती घशाशीच येऊन थांबे. मग तिला तोवर न दिसलेलं दिसलं. बशीतल्या चहावर साय धरायची. आबा आपला कप संपवून ती साय बघत बसायचे, पंच्याने डोळे पुसायचे, आणि उठून बशी कडुलिंबाच्या मुळाशी ओतून टाकायचे. रोज. त्या घरात आबांनी चहा सोडला नव्हता. ज्या लेकरासाठी सोडायचा, ते त्या घरात उरलंच नव्हतं.

यापुढचा विचार तिने केला नाही. संध्याकाळी धर्मराजांनी बशी पुढे ठेवली, तेव्हा तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. चहा फक्कड झाला होता. दुसऱ्या दिवशी किटली घासताना आबांची बोटं दिसली नाहीत. तिने डोळे मिटले, किटलीचा कान घट्ट धरला, तरी दिसली नाहीत. त्या संध्याकाळीही ती प्यायली, आणि सकाळी बघते तर आवाजही गेला. बशी तुझी, कप माझा, हे शब्द तिला माहीत होते, पण ते आता कोणाच्याच तोंडचे नव्हते. अभ्यास झाला का एवढं विचारून शेताकडे निघालेल्या माणसाची पाठ तेवढी शिल्लक राहिली.

ज्या पाठीने आपला जीव वाचवला, ती पुष्कळ झाली, असं तिने स्वतःला दिवसभर समजावलं. देवापुढे दिवा लावताना तसं म्हणूनही पाहिलं. पण संध्याकाळी बशी पुढ्यात आली आणि तिला बापाची इतकी आठवण झाली, लहान पोरीला व्हावी तशी, की तिने हात मांडीखाली दाबून धरले आणि बशी तशीच राहू दिली. चहावर साय धरली. आणि आबा आले. करंगळीवरच्या जखमेसकट आले, आधीपेक्षा जवळ बसले, आणि दिवसभर रानात काय काय झालं ते तिला सांगू लागले. बैलाच्या खुराला लागलं होतं. विहिरीत कासव निघालं होतं. उभ्या जन्मात बाप तिच्याशी इतकं बोलला नव्हता.

त्यानंतर तिने बशीला हात लावला नाही. का पीत नाहीस, असं धर्मराजांनी चार दिवस विचारलं. बरं वाटत नाही का, डॉक्टरकडे जायचं का, असंही विचारलं. ती म्हणाली, थोडं थांबा, मला ऐकू द्या. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. चहा करायचे, बशी भरायचे, स्वतःचा कप संपवायचे आणि जाताना बशी कुंडीतल्या कढीपत्त्याला ओतायचे. कढीपत्त्याला चहा सोसत नाही, असं तिने दोनदा बजावलं. त्यांनी ऐकलं नाही. नवरे कुठे ऐकतात, असं म्हणून तिनेही ते सोडून दिलं, कारण आबांचं बोलणं रंगात आलं होतं.

मग एका संध्याकाळी सूर्य पलीकडच्या इमारतींमागे गेला, धर्मराजांनी गॅलरीतला दिवा लावला, आणि अर्पिताचा फोन आला. पलीकडून ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. धर्मराज बाकड्यावर वाकून बसले होते, डावा हात गुडघ्यावर, आवाज खाली आलेला.

"हो, मीच करतो रोज," ते म्हणाले. "जेवतोय मी वेळेवर, तू काळजी करू नको. बशी भरून ठेवतो तेवढी. तुझ्या आईला तसंच आवडायचं."

"आवडतं," दैवशालाने सुधारलं. "आवडायचं काय? आवडतं म्हणा."

धर्मराज क्षणभर बशीकडे बघत राहिले. मग त्यांनी फोन खिशात घातला, दिवा मालवला, आणि मधलं दार ओढून घेत ते आत गेले.