पराश्काकाकूंचा गुरुवार

"गुरुवारीच का?" डोरीननं विचारलं.

पराश्का हनात्युक दवाखान्याच्या पलंगावर ब्लाऊज वर धरून पडल्या होत्या आणि छताकडे बघत होत्या. सलग पाचवा शुक्रवार होता. शुक्रवार उजाडला की बाई दारात हजर. पोटावरची पिशवी आदल्या दिवशी, गुरुवारी, खालच्या बाजूनं सुटलेली आणि भोवतीची कातडी लालभडक. बाकीचे सहा दिवस पिशवीबद्दल चकार शब्द नाही.

"पिशवीला वार कळतो, असं काही माझ्या ऐकिवात नाही, काकू."

"सरकारी दवाखान्याची आहे. शिकलेली असेल," काकू म्हणाल्या.

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या त्या लहानशा गावात नर्स डोरीन फ्लेट एकवीस वर्षं एकच काम करत होती: वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमा, आणि ज्यांचं आतडं पोटावर वाट काढून बाहेर घेतलेलं असतं त्यांच्या मळ गोळा करणाऱ्या पिशव्या. लग्नाच्या जेवणात कुणी कामाची चौकशी केली आणि तिनं खरं सांगितलं, की समोरचा हातातली बशी खाली ठेवायचा. तिला त्याचं काही वाटत नसे. त्याचा उरलेला केक ती खाऊन टाकायची.

काकूंचं ऑपरेशन जानेवारीत झालं. पोटावर वाट नेमकी कुठे काढायची, ती खूण आदल्या दिवशी डोरीननंच पेनानं केली होती. काकूंना झोपवून, बसवून, वाकवून, घड्या कुठे पडतात ते प्रत्येक वेळी नीट पाहून. खूण चुकली तर माणसाला जन्मभर निस्तरावं लागतं, म्हणून या कामात ती कधी घाई करत नसे. तरीही पिशवी गळत होती, आणि याचा तिला मनापासून राग येत होता.

खोदून खोदून विचारल्यावर काकूंनी सांगितलं की गुरुवारी त्या चर्चच्या तळघरात पेरोगी करायला जातात. दर गुरुवारी तिथे चौदा बायका जमत. पेरोगी म्हणजे करंजीच, फक्त आत बटाटा आणि चीज, आणि तळण्याऐवजी उकडलेली. शुक्रवारी अर्धं गाव तेच जेवायचं. मुरड कुणीही घालावी, पण पारी लाटायचा मान एकीचाच. तीस वर्षं लाटणं काकूंच्या हातात होतं. त्या आजारी असताना ते स्टेफा बोयकोकडे गेलं आणि स्टेफाची पारी, काकूंच्या मते, बुटाला तळ म्हणून लावता आली असती. अंगात जरा ताकद येताच काकूंनी लाटणं परत घेतलं होतं.

"काही दिवस लाटणं सोडून बघू या," डोरीन म्हणाली.

"मग मला पेटीत ठेव आणि वर फुलं घाल." काकूंचा आवाज खाली आला. "त्यांना वाटतंय माझं पित्ताशय काढलं. ही पिशवी कळली तर माझ्या हातच्या पारीला कोण शिवणार आहे? लाटणं गेलं की मी तिथे कोण गं?"

पुढच्या गुरुवारी ती एप्रन बांधून तळघरात मदतीला हजर झाली. एप्रनखाली, काकूंची होती त्याच जागी, तिनं स्वतःच्या पोटावर पिशवी चिकटवली होती आणि आत पातळ ओट्स भरले होते. शिकत असताना प्रत्येक नर्सला अशी पिशवी लावून एक दिवस काढावा लागे. काकूंना तिनं यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तिला उंबरठ्यावरूनच परत पाठवलं असतं.

काकूंशेजारी उभी राहून ती लाटू लागली. दोघी उंचीनं सारख्याच, म्हणजे बेताच्याच. पीठ घट्ट होतं, त्यामुळे सगळं अंग टेबलावर टाकून लाटावं लागत होतं, आणि प्रत्येक रेट्याला टेबलाची कड पिशवी पोटाला चिकटवणाऱ्या चकतीला खालून उचकटत होती. विसाव्या मिनिटाला डोरीनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिनं काकूंना झोपवलं होतं, बसवलं होतं, वाकवलं होतं. पण बाई, तुम्ही दिवसभर करता काय, हे विचारलंच नव्हतं. एकवीस वर्षांच्या अनुभवाची तिला चांगलीच लाज वाटली.

तेवढ्यात तिची स्वतःची पिशवी सुटली. एप्रनखालून ओट्स ओघळले आणि फरशीवर सांडले.

चौदा बायकांचे हात थांबले. "काय सांडलं हे?" स्टेफानं विचारलं. डोरीन एप्रन पोटाशी घट्ट धरून उभी राहिली. ओट्स म्हणावं, तर पोटावर कशाला बांधले होते हे आलं, आणि ते सांगायचं तर काकूंचं नाव आलं.

काकूंनी फरशीकडे पाहिलं, डोरीनच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि लाटणं खाली ठेवलं.

"तिची पिशवी सुटली आहे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "होतं असं. माझीही सुटते. माझ्या पर्समध्ये जादा आहे एक."

मग डोरीनचा दंड धरून त्या तिला मोरीत घेऊन गेल्या. दार लावलं, एप्रन वर केला, आणि ओघळलेलं बोटानं चोळून पाहिलं.

"हे ओट्स आहेत."

"हो, काकू."

"चौदा बायकांसमोर मी माझं पोट उघडं केलं, ते तुझ्या नाश्त्यापायी?"

डोरीन माफी मागू लागली, पण काकू खाली बसल्या होत्या आणि इतक्या हसत होत्या की त्यांना पोट धरावं लागलं. जानेवारीनंतर त्यांनी आपल्या पोटाला बिनधास्त हात लावला, तो हा पहिला. डोरीनला हसू आणि रडू एकदमच आलं.

बाहेर आल्या तेव्हा फरशी पुसलेली होती आणि लाटणं स्टेफाच्या हातात होतं. ते बघून काकू जागीच उभ्या राहिल्या. स्टेफा सुरीनं लाटण्याला चिकटलेलं पीठ खरवडत होती.

"हात धुतलेत ना?" ती म्हणाली. "मग घ्या हे. आणि पित्ताशयाची गोष्ट पुन्हा कुणाला सांगू नका. पित्ताशय काढलेली बाई पर्समध्ये दोन परकर घेऊन हिंडत नाही."

डोरीननं टेबलाची भानगड समजावून सांगितली. बायकांतल्या दोघी जणी वर गेल्या आणि चर्चमधल्या गायकांची लाकडी पायरी उचलून घेऊन आल्या. काकू पायरीवर चढल्या, टेबलाची कड मांड्यांपाशी आली, आणि त्यांनी पहिली पारी लाटली. उंचावरून सगळ्यांच्या मुरडी दिसू लागल्यावर त्यांनी लगेच तीन जणींना नावं ठेवली.

महिनाभर शुक्रवारी दवाखान्यात काकूंचं नखही दिसलं नाही. शेवटी डोरीननंच फोन केला. शाळेची बस चालवणाऱ्या एका माणसाचं तसंच ऑपरेशन झालं होतं. भिंतीकडे तोंड करून पडला होता, स्वतःच्या पोटाकडे बघायलाही तयार नव्हता. कुणीतरी त्याच्यापाशी बसून बोलायला हवं होतं. गुरुवारी सकाळी काकू याल का, असं तिनं विचारलं.

"गुरुवारी मला सवड नसते," काकू म्हणाल्या. "शुक्रवारी येते. हल्ली शुक्रवारी मी मोकळीच असते."