सुधारलेला ढब्ब्या

दार उघडताच फिनेलचा भपकारा आला आणि त्याच्या पाठोपाठ मुताचा. वीस वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन त्यांची कुत्री शिकवतोय. अशा घरात कुत्रं कमी आणि माणसं जास्त बिघडलेली असतात, हे मला पायरीवरच कळतं. हे तर सख्ख्या बहिणीचं घर होतं.

"दादा, ह्यांनी पाच वाजताची वेळ घेतलीय," बहीण म्हणाली. डोळे सुजलेले. "जनावरांचे डॉक्टर ढब्ब्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन देणार. तू काहीतरी कर ना रे."

आदल्या दिवशी ढब्ब्या माझ्या भाचीच्या हाताला कडकडून चावला होता. तीन टाके. ढब्ब्या दोन वर्षांचा, तपकिरी, कालपर्यंत त्या पोरीच्या पायाशी झोपणारा. आता गॅलरीत, हातभर साखळीला बांधलेला. मला बघून त्याने शेपूट हलवलं नाही, कान टवकारले नाहीत, काहीच केलं नाही. मला ते मुळीच आवडलं नाही.

घड्याळात तीन वाजले होते.

"भावोजी, याला बसायला सांगा बरं," मी म्हणालो.

भावोजी शाळेत मुख्याध्यापक. घरातही मुख्याध्यापकच. "सिट!" ते ओरडले. बहीण मागून म्हणाली, "बस रे राजा." भाची पुटपुटली, "ढब्ब्या, खाली." तो बिचारा तिघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

"बघा! मुद्दाम करतो," भावोजी म्हणाले.

"तीन माणसं, तीन भाषा. तो काय दुभाषी आहे?"

पुढचं ऐकून तर शिसारी आली. घरात मुतला की त्याचं नाक त्यात घासायचं. चप्पल चावली की प्रेमाने हाक मारून जवळ बोलवायचं, आणि आला की फटका. "मग हल्ली बोलावलं तर येतच नाही हो," हेही वर निरागसपणे सांगितलं. येईल कशाला? तुम्ही गेला असता? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

"पण एक गोष्ट मी सुधारली," भावोजींनी अभिमानाने एक वही पुढे केली. "आधी फार गुरगुरायचा. जेवताना हात लावला की गुरगुर, झोपेत उठवलं की गुरगुर. मी शिस्त लावली. हे बघा."

रेघा मारून तक्ते केले होते. जानेवारीत बावीस वेळा गुरगुरला, फेब्रुवारीत अकरा, मार्चमध्ये शून्य. प्रत्येक गुरगुरीपुढे वर्तमानपत्राच्या गुंडाळीचे फटके, लाल शाईत. मार्चखाली बारीक अक्षरात शेरा : पूर्ण सुधारणा.

शी! मला त्या वहीला हात लावायचीही किळस आली.

"काल काय झालं?" मी भाचीला विचारलं.

"तो झोपला होता, मामा. मी त्याचा कान ओढला, गमतीत. तो एकदम ताठ झाला. मग चावला. आवाजसुद्धा नाही केला."

"कसा करेल?" मी भावोजींवर खेकसलो. "गुरगुरणं म्हणजे काय माज असतो का? तो सांगत होता, बाबांनो, थांबा, मला नको आहे. तुम्ही त्याला ते सांगायचीच बंदी केलीत! मनातली भीती तशीच राहिली, फक्त तोंड बंद झालं. मग दात सोडून उरलं काय त्याच्याकडे? आणि आता मारायलाही तुम्हीच निघालात. लाज कशी वाटत नाही हो? हे असलं डोकं चालवायला सांगितलं कुणी तुम्हाला?"

भावोजींनी शांतपणे वहीचं पहिलं पान उघडून माझ्यासमोर धरलं.

वर तारीख होती. खाली त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं : दादांशी फोनवर बोलणे झाले. सूचना : गुरगुरला की तिथल्या तिथे दाबा, नाहीतर डोक्यावर बसेल.

मला आठवलं. फोन खांद्याने कानाशी धरला होता, दोन्ही हातांत एका ग्राहकाचं ओढ घेणारं कुत्रं. बहिणीचं घर, फुकटचा सल्ला, घाईत दिला तोंडाला येईल तो. वीस वर्षांचा अनुभव माझा! भावोजींनी निदान विश्वास तरी ठेवला होता. मगाचची सगळी किळस माझ्यावरच उलटली.

"डॉक्टरांना फोन करा," मी म्हणालो. "येत नाही म्हणून सांगा. मी नेतो याला."

"आणि तुम्हाला चावला तर?"

"चावू दे."

बहीण पुन्हा रडायला लागली, या वेळी मोकळी होऊन. भावोजींनी वही मिटली, फोन उचलला, आणि माझ्याकडे न बघता पाचची वेळ रद्द केली.

मी ढब्ब्याची साखळी सोडली. तो अंग चोरून उभा राहिला, माझा हात मानेजवळ गेला तसा लाकडासारखा ताठ झाला. आवाज नाही. मी हात मागे घेतला.

भाची पट्टी बांधलेला हात छातीशी धरून दारात उभी होती.

"मामा, तू त्याला परत गुरगुरायला शिकवशील?"

"प्रयत्न करीन."

"आधी कुणाला शिकवलंयस?"

शेकडो कुत्र्यांना मी बसायला शिकवलंय, थांबायला शिकवलंय, गप्प राहायलाही शिकवलंय.

"नाही गं," मी म्हणालो.