हादोंगवालीचा नंबर

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोनमधल्या बाईने सांगितलं, "हादोंगवाली या नावाची नोंद सापडली नाही."

कू मालसूनबाईंनी पुन्हा विचारलं. नोंद सापडली नाही. तोंडात सकाळपासून काही गेलं नाही म्हणून आवाज बदलला असेल, असं वाटून त्यांनी जवाचा चहा घेतला, घसा खाकरला आणि तिसऱ्यांदा विचारलं.

"तुम्हाला ह्योंदेंग दंतचिकित्सालय म्हणायचं आहे का?"

"दात माझे कधीच गेले, मेले! हादोंगवाली! शेजारची!"

"क्षमा करा, मला समजलं नाही."

मालसूनबाईंचं वय एकोणऐंशी. डोळ्यांच्या मधोमध गेली तीन वर्षं एक करडा डाग बसलेला. आकडे दिसत नाहीत, म्हणून फोनशी बोलूनच फोन करायचा. हादोंगवालीला त्यांना आज साडेदहाच्या आत फोन करायचा होता. साडेदहाला जिंजूच्या इस्पितळात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. तिचा नवरा असाच एका ऑपरेशनला आत गेला तो बाहेर आलाच नव्हता, तेव्हापासून हादोंगवालीने इस्पितळाचं नाव टाकलं होतं. मालसूनबाईंनी दोन वर्षं मागे लागून तिला तयार केलं. काल गाडीत बसताना ती म्हणाली होती, "सकाळी तुझा आवाज ऐकेन तेव्हाच आत जाईन. नाही ऐकला तर बस धरून घरी येईन. मग बस माझ्या नावाने बोंबलत."

वॉर्डात बाहेरच्यांना बंदी, म्हणून मालसूनबाई सोबत गेल्या नव्हत्या. हादोंगवालीला स्वतःहून फोन लावता येत नाही. झाकण उघडून "हॅलो" म्हणायचं, एवढंच तिला येतं.

फोनने नावं विसरण्याची ही या महिन्यातली चौथी वेळ. बाजारातल्या फोनदुकानातल्या मुलीने पहिल्यांदा आवाजाची ओळख नव्याने करून दिली. दुसऱ्यांदा कसली तरी परवानगी चालू केली. गेल्या आठवड्यात तिने सगळा फोन पुसून कोरा केला, मालसूनबाईंच्या मुलाला विचारून पासवर्ड टाकला आणि हादोंगवालीचा नंबर हादोंगवालीलाच विचारून परत भरला. "आता विसरला तर माझं नाव बदला," असं म्हणाली होती. दुकान दहाला उघडतं.

मुलाचं नाव मात्र फोनला पाठ होतं. ग्यूसिक इंचनला लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला चारदा फोन लावला, चारही वेळा त्याने उचलला नाही.

साडेआठला मालसूनबाई काठी टेकत गावच्या सभागृहात पोचल्या. कोबीची तिखट किमची घालायचे दिवस होते. अंगणात मिठात घातलेल्या कोबीचे ढीग लागले होते, आणि लाल रबरी हातमोजे घातलेल्या सातआठ जणी मसाला कालवत बसल्या होत्या.

"आली बघा, फोनशी भांडणारी," नामहेवाली म्हणाली. "वाटेवरून आवाज येत होता."

"हादोंगवालीचा नंबर आहे का कुणाकडे?"

कुणाकडेच नव्हता. मोडलेल्या जुन्या फोनच्या जागी तिने नवा फोन घेतला होता, नंबरही नवा, आणि भिंतीपलीकडून हाक ऐकू येणाऱ्या बाईचा नंबर लिहून ठेवतो कोण?

गावप्रमुख बे हा पन्नाशीचा माणूस, दोन वर्षांपूर्वी शहरातली नोकरी सोडून परतलेला. त्याने हात धुऊन फोन घेतला. केलेल्या फोनांची यादी पाहिली. फोन पुसल्यापासून तिच्यात ग्यूसिकशिवाय कुणीच नव्हतं. मग त्याने नावांची यादी उघडली आणि भुवया उंचावल्या.

"आजी, हा पर्यवेक्षक ओह कोण?"

"मला काय माहीत?"

"आणि फोशान पोलाद? गाडीचा विमा? ग्यूसिकच्या बायकोचं केस कापायचं दुकान?"

"माझ्या फोनात?"

"तुमच्याच फोनात. तुमचं मात्र कुणीच नाही." त्याने आणखी दोन ठिकाणी बोट फिरवलं. "हा फोन ग्यूसिकच्या खात्यावर चालतो, आजी. म्हणजे तुमची वही आणि त्याची वही एकच."

हे काही नवल नव्हतं. गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांचे फोन मुलांच्या खात्यावर होते. मुलं सणाला येतात, अर्ध्या तासात फोन चालू करून देतात, निघून जातात.

नऊ पंचविसाला ग्यूसिकने फोन उचलला. मागे काहीतरी लोखंडी खणखणत होतं.

"आई, मी सतराव्या मजल्यावर लटकलोय. काय झालं?"

"माझी माणसं कुठे गेली?"

गावप्रमुखाने फोन आपल्याकडे घेऊन नीट विचारलं. फोनचा आवाज त्याने सगळ्यांना ऐकू येईल एवढा मोठा केला.

"हादोंगवाली, नामहेवाली, मिरची दळणारा, ती नावं का? ती मीच काढली. गाडीत बसलं की पडद्यावर यायची. मला वाटलं, कुठलं तरी फसवं अॅप शिरलंय फोनमध्ये."

"किती वेळा काढलीस?" मालसूनबाई ओरडल्या.

"तीनदा... चारदा. काल रात्री चौथ्यांदा. काढली की परत यायची, आई! मी फोन बदलायला निघालो होतो."

"नामहेवालीला तू ओळखत नाहीस? तिच्या घरची रताळी चोरून खाऊन तू इतका वाढलास!"

"फोनमध्ये असं नाव कोण लिहितं? माणसाचं नाव लिहावं ना!"

"पाच डबे किमची तुला पाठवते ना मी? त्यातला कोबी कोण कापतं? हीच. आणि तू तिलाच पुसलंस."

नामहेवाली मसाल्याच्या घमेल्यावरून म्हणाली, "यंदा त्याच्या डब्यात मिरची मी घालते."

ग्यूसिकचं म्हणणं असं, की काढलेली नावं महिनाभर शिल्लक राहतात, परत आणता येतात. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणतो.

"दुपारी? साडेदहाला तिला आत नेणार आहेत!"

"आई, माझा एक हात दोरावर आहे. खाली उतरायला साहेबाला विचारावं लागतं, मग वर चढायला..."

"मग विचार!"

त्याने सुस्कारा सोडला. उतरतो म्हणाला. दहा-सव्वादहा होतील.

तोवर हातावर हात ठेवून बसणं मालसूनबाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी गावप्रमुखाकरवी इस्पितळात फोन लावला. तीनदा आकडे दाबायला लावून चौथ्यांदा वॉर्डातली नर्स आली.

"पेशंटचं नाव?"

"हादोंगवाली."

"आजी, नाव. कागदावरचं."

मालसूनबाईंना ते ठाऊकच नव्हतं. त्रेपन्न वर्षं. एका भिंतीला दोन चुली. तिच्या सासूचं शेवटचं दुखणं त्यांनी काढलं, त्यांच्या बाळंतपणात तिने रात्री जागवल्या. गावात सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात. हादोंगहून आली ती हादोंगवाली. मूलबाळ नाही, म्हणून अमक्याची आईसुद्धा नाही. त्यांनी अंगणाकडे तोंड वळवलं.

"अगं, हिचं नाव काय?"

कोबीवरचे सगळे हात थांबले.

"नावात 'सुन' होतं काहीतरी," एक म्हणाली.

"'सुन' तर माझ्या नावात आहे."

"तू? तुझं नाव 'सुनने' आहे?"

"पंचाहत्तर वर्षं आहे. कुणी विचारलं नाही."

नर्सने फोन ठेवला होता.

गावप्रमुखाने उन्हाळ्यात म्हाताऱ्यांची विचारपूस करण्यासाठी एक यादी केली होती: बायकांची खरी नावं आणि नंबर, एवढंच. ती त्याने भिंतीवरून काढली. तो एकेक नाव वाचू लागला, आणि बायका शाळेतल्या मुलींसारख्या "मी" म्हणत हात वर करू लागल्या. कोण कोणाची सून, कोणाची जाऊ, अशी इतरांची नावं लागत गेली. शेवटी दोन नावं उरली: यू पिलसून आणि सो ओकनाम.

पिलसूनच्या नंबरावर लेकीकडे देगूला गेलेली टेकडीवरची म्हातारी बोलली आणि पाऊण मिनिट थंडीविषयी बोलत राहिली. ओकनामच्या नंबरावर यंत्राने सांगितलं, हा नंबर वापरात नाही.

"जुना नंबर!" गावप्रमुख म्हणाला. "हीच ती. सो ओकनाम."

"ओकनाम," मालसूनबाई पुटपुटल्या. त्यांना ते परक्या बाईचं नाव वाटलं.

दहा वाजून बारा मिनिटांनी नर्स पुन्हा मिळाली.

"सो ओकनाम. तिला सांगा..."

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"शेजारीण."

"घरच्यांशिवाय कुणाला पेशंटविषयी सांगता येत नाही, आजी. इथे आहेत की नाहीत, हेही."

"मला सांगू नका! तिला सांगा! मालसूनचा फोन आला होता, आत जा म्हणाली, एवढंच सांगा. नाही, मालसून नको. तिला ते नाव माहीत नसेल. सानचोंगवाली म्हणा."

"कोण?"

"सानचोंगवाली!"

"बघते," नर्स म्हणाली. तिने लिहून घेतलं की नाही, ते फोनवरून कळलं नाही.

दहा वीसला फोन टुणटुणला. गावप्रमुखाने पाहिलं: एकवीस नावं परत आली होती. मालसूनबाईंनी फोन दोन्ही हातांत धरला आणि सावकाश, एकेक अक्षर वेगळं करत हादोंगवालीला फोन लावायला सांगितलं.

"हादोंगवाली यांना फोन लावत आहे."

घंटा वाजत राहिली. नवव्या घंटेला पलीकडे झाकण उघडल्याचा आवाज आला.

"अगं, मी! उशीर झाला, त्या गाढवाने... तू आत जा. ऐकतेस ना? आत जा."

"कोण बोलतंय?" बाईचा अनोळखी आवाज. "मी बाजूच्या खाटेवरची. फोन किती वेळ वाजतोय म्हणून उचलला."

"ती कुठे आहे?"

"माहीत नाही हो. मी व्यायामाला खाली गेले होते, आत्ताच आले. सकाळपासून तो फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या, कुणाशी धड बोलतही नव्हत्या."

"तिला आत नेलं का?"

"नेलं असेल. किंवा स्वतःच उठून गेल्या असतील... कुणी पाहिलं नाही. थांबा, नर्सला विचारते."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मालसूनबाई कानाला लावून उभ्या राहिल्या. गावप्रमुखाने घड्याळ पाहिलं. दहा वाजून चोवीस मिनिटं झाली होती. खाट रिकामी होती, फोन खाटेवरच होता, आणि विचारायला गेलेली बाई अजून परत आली नव्हती.