सारवलेला खडक

शितलने खडकावर बोट टेकवलं. शेण अजून ओलंच होतं.

रानशेतच्या पाड्याबाहेरचा हा चुनखडीचा पांढरा कट्टा. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या गोगलगाईंचे शंख त्यात दगड होऊन बसले होते. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शितलने वर्षभर अर्ज केले, तेव्हा कुठे आज भूवैज्ञानिक साहेब पाहायला येत होते. शंख नीट दिसले तर खडकाभोवती कुंपण घातलं जाणार होतं, नाही तर खडक फोडून रस्त्याची खडी होणार होती. आणि आता समोर होतं एक सुरेख सारवलेलं अंगण.

"जमनामावशी, हे कुणी केलं?"

"मीच," बाजूच्या शेतातून वर येत जमना म्हणाली. "तूच बोललीस ना बाय, मोठा पावना येनार. मग त्याला उघड्या दगडावर बसवू?"

रागावायचं तरी कुणावर? मावशीने वीतभरही जागा सोडली नव्हती, कडेला बोटांची नक्षीसुद्धा उमटवली होती. शितलला हसू आलं आणि रडूही.

"शेणाखाली शंख गेले गं सगळे."

लहानपणी याच शंखांवर बोट फिरवत जमना गुरं राखायची. तिने ओढ्यावरून हंडा भरून आणला. दोघी गोणपाटाने खडक पुसायला बसल्या. घासायचं नाही, ओरखडा जाईल, असं शितल पुन्हापुन्हा बजावत होती.

निम्मं पुसून झालं तोच जीप आली.

"साहेब, जरा चूक झाली..." शितलने सुरुवात केली.

साहेबांचं लक्षच नव्हतं. ते कडेला उकिडवे बसले होते. वरचं शेण निघालं होतं, पण शंखांच्या वळशावळशांत ते अडकून राहिलं होतं. पांढऱ्यावर पांढरे, उन्हात कधी धड न दिसलेले शंख आता पेन्सिलीने काढल्यासारखे उठून आले होते. शितलने वर्षभरात चाळीस मोजले होते. इथे तर पाय ठेवायला जागा नव्हती.

"कुणी केलं हे?" साहेबांनी विचारलं.

शितलने जमनाकडे पाहिलं. जमना ओल्या हातांनी पदर सारखा करत मागे सरली.

"तुमच्यासाठीच सारवलेला," ती ओशाळून म्हणाली. "आता बसायला जागाच नाय राहिली."

साहेबांनी बूट काढले आणि खडकापासून दोन पावलं मागे, गवतात बसकण मारली.

"राहू द्या, मावशी. तिथे आता कुणीच बसायचं नाही."