कुत्रा कशानं बरा झाला

"बूट काढा म्हणते ना!" जाऊ तिसऱ्यांदा ओरडली आणि माझ्या हातातली मेंढी सुटली. अर्धी कातरलेली, लोकर लोंबत असलेली, ती गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला पळाली. पळू दे म्हटलं. नवराबायको भांडत असताना कात्री चालवली तर बिचारीचा कान जायचा.

भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, दारातल्या लाकडी पेटीवर बसून कात्रीला धार लावत होते. "कामाच्या वेळी पाय कसले बघत बसायचे? वहिनी, तुम्ही तरी सांगा हिला."

"मी काय सांगू? मलापण वास येतोय."

येतच होता. मेंढ्यांचा वास मला जन्मापासून ठाऊक आहे, हा तो नव्हता. बारा दिवसांपूर्वी कात्री सुटून त्यांच्या पायावर पडली होती आणि अंगठ्याशेजारी बोटभर चीर पडली होती. दुसऱ्या कुणाची एव्हाना भरली असती. पण भावजींना साखरेचा आजार, आणि साखरेच्या गोळ्या त्यांनी दोन महिन्यांपासून बंद केलेल्या. थेंबवाल्यानं सांगितलं म्हणून.

हा थेंबवाला कुठून आला कुणाला माहीत नाही. गिरणीच्या ओसरीत पथारी टाकून बसला तो बसलाच. माणूस असो, गाय असो, कोंबडी असो, बाटली एकच. शिवाय जनावर आजारी असलं तरी थेंब मालकालाही द्यायचा. "जनावराचं दुखणं मालकाच्या अंगात मुरतं. दोघांनी एकाच चमच्यातून घ्यायचं. आणि दुसरं औषध बंद, नाहीतर दोन औषधं पोटात भांडतात." बोलायला इतका गोड, की ऐकता ऐकता माझीही मान हलायची. मग माझाच मला राग यायचा.

आमच्या कुत्र्याची मांडी काटेरी तारेत फाटली आणि जखमेत पू झाला, तेव्हा भावजी त्याला थेट ओसरीवर घेऊन गेले. पोटच्या पोरासारखा जीव त्यांचा त्याच्यावर. रोज सकाळी चार थेंब कुत्र्याला, त्याच चमच्यातून चार स्वतःला. पंधरा दिवसांत कुत्रा मेंढ्यांमागे धावायला लागला. भावजींनी हे भेटेल त्याला सांगितलं, न भेटेल त्याला घरी जाऊन सांगितलं.

पण कुत्रा बरा झाला तो जनावरांच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी. मी त्या गुपचूप आणल्या आणि भावजी मेंढ्या घेऊन बाहेर पडले की जाऊ त्या कणकेच्या गोळ्यात लपवून कुत्र्याला चारायची. घरात वाद नको म्हणून आम्ही दोघी गप्प बसलो. फार शहाण्या ना आम्ही! थेंबवाल्याची पत वाढवली ती आम्हीच. साखरेच्या गोळ्याही भावजींना अशाच चारू, असं जाऊ एकदा म्हणाली होती. पण कुत्रा घास गिळतो, माणूस चावून खातो.

शेवटी तिनं खाली बसून बूट ओढूनच काढला. मोजा जखमेला चिकटला होता. अंगठ्याशेजारची दोन बोटं काळी पडली होती.

"दुखत नाही अजिबात," भावजी म्हणाले. "म्हणजे बरंच होतंय. कुत्र्याचंही असंच झालं होतं."

जाऊ उठली, बसली, पुन्हा उठली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच हो म्हटलं.

"अहो, कुत्रा थेंबांनी नाही बरा झाला."

भावजी हसले. ती आत गेली, डब्यामागून गोळ्यांचं रिकामं पाकीट आणलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"किती दिवस?"

"दहा."

"वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"गोळ्या मीच आणल्या होत्या, भावजी."

त्यांनी पाकीट मुठीत चुरगाळलं. "मी गावभर सांगत फिरत होतो," ते म्हणाले, "आणि तुम्ही दोघी घरात बसून ऐकत होता."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"गाडीवाल्याला बोलवा," ते म्हणाले.

ती दोन्ही बोटं काढावी लागली. आणखी चार दिवस घालवले असते तर पाऊल गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर भावजी साखरेच्या गोळ्या वेळेवर घेऊ लागले, आमच्याशी तेवढं बोलेनात. थेंबवाला मात्र होता तिथंच होता आणि गिऱ्हाइकांना आमच्या घराकडे बोट दाखवून कुत्र्याची गोष्ट सांगत होता.

परवा एक बाई अंगणात आली. खांद्यावर तीन वर्षांची मुलगी, तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"तो बरा झालेला कुत्रा हाच का?"

जावेनं तिला सगळं सांगितलं. थेंब, गोळ्या, कणीक, काहीही लपवलं नाही. "पोरीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने," मीही म्हटलं. बाई कुत्र्याकडेच बघत होती.

तेवढ्यात भावजी काठी टेकत बाहेर आले. कुणाला पाय दाखवायची त्यांना भारी लाज. तरी ते पायरीवर बसले, पट्टी सोडली आणि पाय तिच्यासमोर धरला. "हे बघ बाई. हे त्या थेंबांनी झालं."

बाई वाकली. नीट पाहिलं. डोळ्यांत पाणीही आलं तिच्या.

"अरेरे," ती म्हणाली. "थेंब मधेच सोडलेत वाटतं तुम्ही?"

आणि पोरीला सावरत ती गिरणीच्या वाटेला लागली. भावजी पट्टी हातात धरून तसेच बसले. जाऊ क्षणभर उभी राहिली, मग चपलाही न घालता तिच्या मागे पळत सुटली.

"वहिनी, तुम्हीपण जा," भावजी म्हणाले. "हिच्या एकटीचं नाही ऐकणार ती बाई."